प्रकल्प नोंदी: चिऊचं लग्न, दादर

६ जुलै २०२५, रविवार

आषाढी एकादशी. देव झोपले आणि आमच्या घरी बैठक बसली. हजर: दादा, वहिनी, चिऊ, मी. साबुदाण्याची खिचडी संपेपर्यंत सगळे शहाण्यासारखे बोलत होते. मग याद्या निघाल्या. वहिनीच्या यादीत ४१० माणसं, दादाच्या वहीत नुसते आकडे, चिऊच्या फोनमध्ये राजस्थानातल्या कुठल्याशा महालाचे फोटो. चिऊची मागणी मात्र एकच, ती जशीच्या तशी लिहून ठेवते: "आत्या, माझ्या लग्नात मला दमलेलं दिसायचं नाहीये."

मी सत्तावीस वर्षं मराठी नाटकांच्या विंगेत काढली. तिसरी घंटा झाली की पडदा वर जातोच, नटाची मिशी सापडो न सापडो. तेव्हा काम माझ्या गळ्यात पडलं ते ठीकच. अट घातली: प्रत्येक कामाला एकच माणूस, आणि लग्नाच्या दिवशी वधू-वर आणि दोन्हीकडचे आईवडील यांच्याकडे एकही काम नाही. दादा हसला. हसू दे.

आता चातुर्मास लागला. चातुर्मासातले काढीव मुहूर्त चालतील का, असं दादाने विचारून पाहिलं. वहिनीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. म्हणजे तुळशीचं लग्न झाल्यावर, नोव्हेंबर.

१३ जुलै, रविवार

माहीम ते प्रभादेवी पाच हॉल पाहिले. ६ डिसेंबर, शनिवार, दोन ठिकाणी लगेच मिळत होता. मॅनेजर उत्साहाने म्हणाले, "चांगला मुहूर्त आहे, घेऊन टाका." वहिनी घेऊनही टाकणार होती. ६ डिसेंबर म्हणजे महापरिनिर्वाण दिन. चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात, रानडे रोड, सावरकर मार्ग वाहनांना बंद असतात. त्या दिवशी दादर त्यांचं असतं. आपण तिथे वरातीची गाडी घुसवायची हा विचारच चुकीचा. आणि त्यानंतर शुक्राचा अस्त, पाठोपाठ धनुर्मास, म्हणजे मुहूर्त संपलेच.

चौथ्या हॉलमध्ये कुणीतरी सोडलेली तारीख निघाली: ३० नोव्हेंबर, रविवार, सकाळचं सत्र, ७ ते साडेतीन. भाडं अधिक १८ टक्के जीएसटी. साडेतीननंतर दर अर्ध्या तासाला दंड, कारण चारला संध्याकाळची पार्टी आत येते. घेतला.

सगळे स्टेज बघतात, मी आधी वधूची खोली बघते. पहिल्या हॉलचं स्टेज देखणं होतं, पण खोलीत एक ट्यूबलाइट, एक प्लग आणि आरसा संडासच्या दारावर. तिथेच फुली मारली. या हॉलच्या खोलीला पूर्वेकडे मोठी खिडकी आहे. सकाळी दहापर्यंत तिथे जो उजेड येतो तो कुठल्याही मेकअपवालीच्या रिंगलाइटपेक्षा चांगला.

२ ऑगस्ट, शनिवार

४१० चे २२०. कसे झाले ते इथे लिहीत नाही, वहिनी ही वही वाचते.

२३ ऑगस्ट, शनिवार

बुधवारी गणपती, मग पितृपक्ष. पितृपक्षात आमच्याकडे खरेदी होत नाही आणि दसऱ्यानंतर ब्लाउजवाला शिंपी देवापेक्षा दुर्मिळ. म्हणून साड्यांचा निकाल आज लावला.

सुरुवातीला पाच होत्या. मामाकडची पिवळी अष्टपुत्री, सासरचा शालू, वहिनीची जुनी पैठणी, रिसेप्शनचा घागरा आणि पाठवणीसाठी "काहीतरी हलकं". पाच पोशाख म्हणजे चार बदल. एकेक बदल पाऊण तासाचा धरला तर साडेआठ तासांच्या लग्नात नवरी तीन तास खोलीत. पाहुणे म्हणणार, नवरी कुठाय? नवरी पिना टोचून घेत्येय.

अष्टपुत्री आणि शालू विधीचे, त्यांना हात लावायचा नाही. घागरा रद्द. इथे चिऊ तासभर रुसली. पैठणी सीमांतपूजनाला आदल्या संध्याकाळी, घरच्या घरी. "काहीतरी हलकं" म्हणजे काय ते कुणालाच सांगता आलं नाही, म्हणून तेही रद्द.

मग ब्लाउज. हे मला नाटकातून सुचलं. ऐतिहासिक नाटकात दोन प्रवेशांमध्ये राणीचा शालू बदलायचा असला की चोळी तीच ठेवतात, कारण चोळी काढायची म्हणजे गळ्यातलं सगळं उतरवायचं आणि केस विस्कटायचे. अष्टपुत्री पिवळी, शालू लाल. दोन्हींवर चालेल असं एकच ब्लाउज: गर्द हिरवं, बारीक जरीचं, हुक पुढून. चुड्याचा रंगही तोच. शिंपी म्हणाला, "ताई, दोन शिवा की, लग्न आहे." त्याचं दुकान चालायला हवं हे मान्य, पण एकच शिवलं.

१४ सप्टेंबर, रविवार

पितृपक्ष, म्हणून कागदावरचंच काम.

परवा प्रभादेवीचा जुना एल्फिन्स्टन पूल पाडकामासाठी बंद झाला. आता पूर्वेकडून दादरला येणारी सगळी गर्दी टिळक पुलावर. लग्नाच्या दिवशी जो टिळक पुलावर गाडी घालेल तो मंगलाष्टका गाडीतच ऐकेल. सूचना लिहून काढल्या:

पूर्वेकडच्यांनी गाडी पूर्वेलाच ठेवावी आणि स्टेशनचा पूल चालून यावा. अंधेरी आणि विमानतळाकडून येणाऱ्यांनी मेट्रो ३ ने थेट दादर. डोंबिवली-ठाणेकरांनी रविवारी मेगाब्लॉक आहे असंच धरून चालावं, ब्लॉक असो नसो. तो साधारण अकराच्या आसपास सुरू होतो, तेव्हा दहाला दादर. वराकडच्या वऱ्हाडाची बस डोंबिवलीहून सहाला.

विहीणबाईंना फोन करून सहा सांगितलं. त्या म्हणाल्या, "आम्ही डोंबिवलीकर आहोत हो, आम्हाला लवकर उठायचं कौतुक नाही." या बाईंशी माझं जमणार.

४ ऑक्टोबर, शनिवार

दसरा झाला. गिरगावात खाडिलकर रोडला पत्रिका. तीन तास, अकरा दुकानं, शेवटी पहिल्या दुकानातलीच घेतली. मजकूर पाच ओळींचा. मागच्या बाजूला, जिथे लोक "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" छापतात, तिथे वरच्या प्रवासाच्या सूचना. दादाला ते रेल्वेच्या फलकासारखं वाटलं. वाटू दे. पहिली पत्रिका सिद्धिविनायकाला, त्याला सूचना लागू नाहीत.

२६ ऑक्टोबर, रविवार

गुरुजी घरी आले. मुहूर्त १२ वाजून १४ मिनिटं. मी त्यांच्यापुढे माझा तक्ता ठेवला, मिनिटामिनिटाचा. त्यांनी चष्मा लावून नीट वाचला आणि विचारलं, "यात श्वास कुठे घ्यायचा?"

मग पिशवीतून एक तांब्याची वाटी काढली. लिंबाएवढी, पातळ, बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. घटिकापात्र. आजोबांची म्हणाले. वहिनीने पातेल्यात पाणी आणलं, गुरुजींनी वाटी अलगद त्यावर ठेवली. ती तरंगत राहिली. भोकातून पाण्याचा केसाएवढा धागा आत येत होता, तळाशी आधी एक थेंब, मग चकती, मग चकती पसरत कडेला टेकली. आम्ही चौघंही गप्प बघत बसलो, चहा निवला. भरत आल्यावर वाटी किंचित कलली आणि टुप्‌ असा आवाज करून बुडाली. फोनवर लावलेलं घड्याळ: तेवीस मिनिटं पन्नास सेकंद. एक घटिका म्हणजे २४ मिनिटं, साठ घटिकांचा अहोरात्र. पूर्वी मुहूर्त असाच मोजायचे.

तक्ता फाडला. नवीन तक्त्यात सकाळच्या तीन टप्प्यांनंतर एकेक रिकामी घटिका ठेवली: नवरी तयार झाल्यावर, गौरीहरानंतर, आणि मंगलाष्टकांनंतर शालू नेसून होमाला बसण्याआधी. त्या वेळेत काहीही ठेवायचं नाही, फोटोसुद्धा नाही. जागा कुठून आली? रुखवतासमोरचं चाळीस मिनिटांचं फोटोसत्र आणि केक कापणं यातून. केक कुणी सुचवला होता हे आता कुणी कबूल करत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

डेकोरेटर. त्याचं चित्र असं की मागे झेंडूची पिवळीधम्मक भिंत, वर जांभळे-निळे एलईडी. चांगला कामसू मुलगा आहे, पण त्याने नवरीचा विचारच केला नव्हता. पिवळ्या भिंतीपुढे पिवळी अष्टपुत्री उभी केली की फोटोत उरतात फक्त दोन हात आणि एक चेहरा. आणि पिवळ्या कापडावर निळा प्रकाश टाकला तर ते मळकट, हिरवट दिसतं. हळद लावलेला चेहरा तर आजारी माणसासारखा. बोलून पटेना, म्हणून वहिनीची पिवळी साडी हॉलच्या स्टेजवर धरून त्याच्याच दिव्याखाली दाखवली. तो स्वतःच म्हणाला, "नको मॅडम."

ठरलं: मागे केळीची पानं आणि निशिगंधाच्या माळा, झेंडू फक्त दाराच्या तोरणाला. दिवे सगळे उबदार पांढरे, रंगीत एकही नाही. खर्चही कमी झाला.

चिऊला मोगऱ्याचा गजरा हवा. मोगरा उन्हाळ्याचा, नोव्हेंबर-डिसेंबरात मिळतो तो थोडा आणि सोन्याच्या भावाने. गजरा काकड्याचा, मधे अबोली. लांबून फरक कळत नाही, जवळून वासाने कळतो. ते मी चिऊला आधीच सांगून टाकलं.

९ नोव्हेंबर, रविवार

रंगीत तालीम. मेकअप ५५ मिनिटं, खोपा ४०, अष्टपुत्री २२, दागिने १८. एकूण सव्वादोन तास. सव्वाआठला बसली की साडेदहाला तयार.

दागिन्यांत काटछाट. ठुशी, तन्मणी, चिंचपेटी, लक्ष्मीहार, पोहेहार असं सगळं एकदम घातलं तर गळा दुकानाच्या काचेसारखा दिसतो आणि चेहरा मागे जातो. ठुशी आणि लक्ष्मीहार राहिले. मंगळसूत्राला दिसायला जागा हवी, त्या दिवशी मुख्य दागिना तोच. नाक टोचलेलं नाही, म्हणून नथ दाबाची. दाबाची नथ हमखास वरणात पडते. मेकअपवालीने पापण्या चिकटवायच्या गोंदाचा एक कण आतून लावला. चिऊने दोन जिलब्या खाऊन दाखवल्या, नथ हलली नाही.

मग खरी परीक्षा, अष्टपुत्रीचा शालू करणे. नऊवारीतून सहावारीत जायचं म्हणजे परकर चढवणं आलं. पहिला प्रयत्न ३८ मिनिटं, त्यात वहिनी आणि मेकअपवाली यांचं एकाच निरीवर भांडण. नाटकात बदलाच्या वेळी बोलायची बंदी असते. एकजण खाली, एकजण वर, बास. वहिनीला बाहेर चहाला पाठवलं. शालूच्या निऱ्या आधीच घालून, क्लिपा लावून हँगरवर टांगल्या. पदराच्या घड्याही आधीच पिन केल्या. सत्तावीस पिना एका लोहचुंबकाच्या पट्टीवर, क्रमाने. दुसरा प्रयत्न २४. तिसरा १६. चिऊ म्हणाली, "आत्या, तू मला फॉर्म्युला वनची गाडी समजतेस का?"

१५ नोव्हेंबर, शनिवार

आचारी. पंगत की बुफे यावर दादा बुफेच्या बाजूने. मी पंगत. बुफेत म्हातारी माणसं एका हातात ताट, दुसऱ्या हातात काठी घेऊन उभी राहतात. ११० ची एक, अशा दोन पंगती, प्रत्येकी ४० मिनिटं. मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, पुरी, जिलबी, मठ्ठा. बास. पनीर नाही. चायनीजचा काउंटर नाही. आचाऱ्याने विचारलं, "मुलाकडचे काही म्हणणार नाहीत ना?" विहीणबाईंना तिथूनच फोन लावला. त्या म्हणाल्या, अळूत शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप असले तर काही म्हणणार नाही.

सत्यनारायण विहीणबाईंकडे सोमवारी १ डिसेंबरला ठरला होता. कॅलेंडर बघितलं तर त्या दिवशी एकादशी. उपासवाल्यांनी रव्याचा प्रसाद कसा खायचा? मंगळवारी ढकलला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

केळवणं संपत आली. चिऊचं ब्लाउज अर्धा इंच सोडून घेतलं.

विवाह नोंदणीचा नमुना 'ड' भरून ठेवला. तीन साक्षीदार, गुरुजींची सही, १०० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. लग्नानंतर ९० दिवसांच्या आत महापालिकेच्या विभाग कार्यालयात, आमचं जी/उत्तर. गुरुजींची सही मांडवातच घ्यायची, नंतर मोसमात ते सापडत नाहीत.

माणसं वाटून दिली. हार-अक्षता: चुलतभाऊ. गुरुजींची दक्षिणा आणि पाकिटं: दादाचा मित्र, जो बँकेत होता. आहेराची वही: कुणी नाही, पत्रिकेत आहेर नको छापलंय. चिऊचा फोन: तिची मैत्रीण, सकाळी सातपासून. सगळ्या चौकशा माझ्या नंबरवर. वहिनीने विचारलं, "आणि मी काय करू?" मी म्हटलं, "रडायचं. ते तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही." ती तिथेच रडली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पहाटे चारला दादरचा फुलबाजार. पुलाखाली पाय ठेवायला जागा नाही, उद्याचा मुहूर्त अख्ख्या मुंबईला माहीत. निशिगंध आज घेतला, ओल्या गोणपाटात. गजरे उद्या पहाटे.

ग्रहमख, देवक, हळद, सगळं घरी. संध्याकाळी सीमांतपूजन, पैठणी. रात्री दहाला चिऊला झोपवली. मी अकराला तक्ता भिंतीवरून काढला आणि पर्समध्ये ठेवला.

३० नोव्हेंबर, रविवार

६.५० हॉलच्या दारात. कुलूप. वॉचमन ७.१० ला.

८.०५ वऱ्हाड हजर. विहीणबाईंनी उतरल्या उतरल्या घड्याळ दाखवलं.

१०.२६ चिऊ तयार. चार मिनिटं लवकर. रिकामी घटिका सुरू. ती खिडकीशी बसून पोहे खात होती, ओठांना रंग लागू नये म्हणून छोट्या चमच्याने. फोटोग्राफर आत डोकावला, त्याला बाहेर काढलं.

१०.५४ गौरीहर.

११.३० मुलीच्या मामाने आतापर्यंत हजर असायला हवं होतं. फोन लावला. "टिळक पुलावर आहे." गाडीत. पश्चिमेकडे तोंड करून. पत्रिकेच्या मागे काय छापलंय ते सख्ख्या मामाने वाचलं नव्हतं. शिवाय अंतरपाट त्यांच्याच पिशवीत, ते का, ते मला अजून कळलेलं नाही. वहिनीला काही सांगितलं नाही. चुलतभावाला मोटरसायकलवर पुलाकडे पाठवलं. मामांना सांगितलं, गाडी तुमच्या मुलाकडे द्या आणि चालू लागा.

११.३४ गौरीहर आटोपला. दुसरी घटिका. चिऊ पाटावर डोळे मिटून बसली होती. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, मी बोटाने चालणाऱ्या माणसाची खूण केली. त्यांनी मान हलवली.

११.५३ मामा दारात. जरीची टोपी, रेशमी सदरा घामाने पाठीला चिकटलेला, काखेत अंतरपाट. चुलतभाऊ पुलाच्या दुसऱ्याच टोकाला त्यांना शोधत होता. मामांना एक ग्लास पाणी, पंख्याखाली पाच मिनिटं, टोपी सरळ. फोटोत ते अगदी शांत दिसतायत.

१२.०४ मंगलाष्टका. घरच्या रचना चारच मंजूर केल्या होत्या. काकूंनी पाचवी काढली. गुरुजींनी कडवं संपायच्या आत "तदेव लग्नं" सुरू केलं.

१२.१४ अंतरपाट खाली. चिऊने जावयाकडे बघितलं आणि हसली. दमलेली नव्हती.

१२.४९ शालू नेसून तयार, बदल १७ मिनिटांत. एक मिनिट कुणाचं ते मला माहीत आहे, वहिनी आत आली होती. आणि मग उरलेल्या घटिकेतली शेवटची सात मिनिटं ती आणि चिऊ खोलीत दोघीच बसल्या. मी दाराशी उभी राहिले, कुणाला आत सोडलं नाही.

१.४० सप्तपदी झाली. कानपिळीला भाऊ फुलबाजाराच्या भावाने सौदा करत होता, पाचशेवरून दोन हजारांवर गेला. नमुना 'ड' वर गुरुजींची सही.

दोन्ही पंगती ३.०५ ला उठल्या. अळू संपलं, मठ्ठा उरला. नथ जागेवर.

३.२४ पाठवणी. वहिनीने तिचं काम चोख केलं.

३.३१ हॉलच्या मॅनेजरने अर्ध्या तासाचा दंड लावला. एका मिनिटासाठी. मी सकाळच्या कुलपाची वेळ दाखवली, सोबत फोनवरचा फोटो. दंड मागे.

९ डिसेंबर, मंगळवार

अनामत परत आली, पूर्ण. शालू धुलाईवाल्याकडून आला, पदराच्या घडीत एक पिन. म्हणजे सत्तावीसच्या सत्तावीस.

जी/उत्तरला नोंदणी. साक्षीदार मामा, चुलतभाऊ, मी. मामा मेट्रोने आले.

बाकी: अल्बमसाठी फोटो निवडणं, १९०० आहेत. ते चिऊ आणि जावई बघतील, माझ्या यादीत नाही.